प्रबंधाच्या नोंदी: न्यू जर्सीचं किमान वेतन, पुन्हा एकदा

८ जानेवारी

विषय आज कापून लहान केला. "किमान वेतनाचा रोजगारावर परिणाम" हे नाव घेऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले होते. त्यांनी एवढंच विचारलं: "कुठला कायदा, कुठल्या लोकांवर, आणि कुणाच्या तुलनेत?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर होतं. तिसऱ्याला नव्हतं, आणि खरा प्रबंध त्या तिसऱ्यातच आहे असं बाहेर पडताना जाणवत होतं.

आता ठरलंय ते असं: डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांच्या, न्यू जर्सीतल्या किमान वेतनवाढीवरच्या १९९४ च्या अभ्यासाचा डेटा खुला आहे, तो घ्यायचा, त्यांचे तक्ते स्वतःच्या कोडने पुन्हा उभे करायचे, आणि मग एकच गोष्ट तपासायची. त्यांचा आकडा तुलनेच्या गृहीतकावर किती अवलंबून आहे? ज्या लेखावर तीस वर्षं वाद चालू आहे त्यावर नवं काय लिहिणार, असं मित्रमंडळी विचारतात. मला उलट वाटतं. डेटा लहान आहे, पूर्ण समोर आहे, प्रत्येक दुकान एका ओळीत दिसतं. पद्धत शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

१५ जानेवारी

पार्श्वभूमीचं प्रकरण सुरू केलं. अमेरिकेत संघीय किमान वेतन १ एप्रिल १९९१ ला ताशी ४.२५ डॉलर झालं. न्यू जर्सीने १ एप्रिल १९९२ पासून आपल्या राज्यापुरतं ते ५.०५ केलं. म्हणजे ८० सेंटची, जवळजवळ १९ टक्क्यांची वाढ. शेजारच्या पेनसिल्वेनियात ४.२५ तसंच राहिलं. कार्ड आणि क्रूगर यांनी न्यू जर्सीतली आणि पूर्व पेनसिल्वेनियातली बर्गर किंग, केएफसी, वेंडीज आणि रॉय रॉजर्स ही फास्ट फूड दुकानं निवडली आणि वाढीच्या आधी (फेब्रुवारी-मार्च १९९२) आणि नंतर (नोव्हेंबर-डिसेंबर १९९२) मुख्यतः फोनवर मुलाखती घेतल्या. पहिल्या फेरीत ४१० दुकानं: ३३१ न्यू जर्सीत, ७९ पेनसिल्वेनियात.

कायद्याचा इतिहास मुळात अर्ध्या पानात उरकणार होते, पण तो प्रबंधासाठी फार कामाचा निघाला. वाढीचा कायदा दोन वर्षं आधी झाला होता, तेव्हा अर्थव्यवस्था ठीक होती. अंमलबजावणीची तारीख आली तेव्हा मंदी होती. मार्च १९९२ मध्ये विधिमंडळाने ही वाढ दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने करण्याच्या बाजूने मतदान केलं, पण राज्यपालांचा नकाराधिकार उलथवण्याइतकी मतं त्यांच्याकडे नव्हती. म्हणून १ एप्रिलला पूर्ण वाढ लागू झाली.

याचे दोन अर्थ निघतात. चांगला अर्थ असा की "रोजगार वाढत होता म्हणून वेतन वाढवलं" हा उलटा संबंध इथे फारसा शक्य नाही. अडचणीचा अर्थ असा की दुकानदारांना तारीख फार आधीपासून ठाऊक होती. पहिली फेरी घेतली तेव्हाच कुणी भरती थांबवली असेल, तर "आधीचा" आकडा खऱ्या अर्थाने आधीचा नाही. पण शेवटपर्यंत कायदा टिकेल की नाही हेही नक्की नव्हतं. दोन्ही बाजू लिहिल्या, एकीकडे झुकले नाही.

२७ जानेवारी

डेटा उघडला. पहिलं काम म्हणजे "रोजगार" हा आकडा कुठून येतो ते नीट समजून घेणं. फाइलमध्ये तो नसतो, आपण तयार करतो: पूर्णवेळ कर्मचारी, अधिक व्यवस्थापक, अधिक अर्धवेळ कर्मचाऱ्यांची निम्मी संख्या. निम्मी का? एक अर्धवेळ माणूस म्हणजे अर्धा पूर्णवेळ, असं गृहीत. मूळ लेखात हे वजन बदलूनही पाहिलंय आणि निष्कर्ष फारसा हलत नाही. तरी माझ्या प्रबंधात ही ओळ तळटीपेत जाणार नाही, मजकुरात येईल. वाढीव वेतनामुळे मालकाने दोन अर्धवेळ मुलांच्या जागी एक पूर्णवेळ माणूस घेतला, तर या व्याख्येत काहीच बदललं नाही असं दिसेल, आणि त्या दोन मुलांसाठी सगळंच बदललेलं असेल.

दुसरी गोष्ट बंद दुकानांची. कायमची बंद पडलेली सहा दुकानं दुसऱ्या फेरीत शून्य रोजगार म्हणून मोजायची. हे महत्त्वाचं आहे: वेतनवाढीने दुकानच बंद पडलं आणि आपण ते नमुन्यातून वगळलं, तर नेमका ज्याचा शोध घेतोय तोच परिणाम आपण झाकून टाकू. तात्पुरती बंद असलेली दुकानं मात्र मूळ लेखाने मुख्य तक्त्यात "माहिती नाही" धरली आहेत. मीही मुख्य तक्त्यात तेच ठेवते, शून्य धरून वेगळी ओळ देईन.

२ फेब्रुवारी

तक्ता जुळला. दर दुकानी सरासरी रोजगार: न्यू जर्सी आधी २०.४४, नंतर २१.०३. पेनसिल्वेनिया आधी २३.३३, नंतर २१.१७. फरकांचा फरक (न्यू जर्सीतला बदल वजा पेनसिल्वेनियातला बदल) २.७६, स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) १.३६. दुसऱ्याचा दशांश स्वतःच्या पडद्यावर उमटताना पाहणं यात जो आनंद आहे तो नोंदवून ठेवते.

वेतनाचा तक्ताही पाहिला, कारण आधी हे सिद्ध व्हायला हवं की कायद्याने वेतन खरंच हललं. सरासरी सुरुवातीचं वेतन न्यू जर्सीत ४.६१ वरून ५.०८, पेनसिल्वेनियात ४.६३ वरून ४.६२. दुसऱ्या फेरीत न्यू जर्सीतली ८५ टक्के दुकानं नेमके ५.०५ देत होती. इतका स्वच्छ पहिला टप्पा फार कमी अभ्यासांत दिसतो.

११ फेब्रुवारी

पुढची रिग्रेशन (अनेक घटकांचा परिणाम वेगवेगळा काढणारी समीकरणं) चालवण्याआधी एक पान लिहून मॅडमना पाठवलं. त्यात: मुख्य मॉडेल कोणतं, नमुना कोणता, रोजगाराची व्याख्या कोणती, पर्यायी व्याख्या किती आणि कोणत्या, आणि सगळ्यात शेवटी, कोणता निकाल आला तर मी "आकडा गृहीतकावर टिकून नाही" असं म्हणेन.

मॅडमची टीप आली: "प्रकाशित निकाल तुला आधीच माहीत आहे, त्यामुळे हे कोऱ्या पाटीवरचं नियोजन नाही, तसं लिही." बरोबर आहे. ते वाक्य पद्धतीच्या प्रकरणात पहिलंच घातलं. तरी हे पान ठेवणार आहे. मोजमापाच्या डझनभर वाटा उघड्या असतात तेव्हा कोणती वाट निकाल पाहून निवडली आणि कोणती आधी, हे सहा महिन्यांनी स्वतःलाही आठवत नाही.

१९ फेब्रुवारी

आज फक्त भागाकार केले, पण प्रबंधाची दिशा इथेच बदलली.

२.७६ ला २०.४४ ने भागलं की १३.५ टक्के. सुरुवातीचं वेतन वाढलं साधारण १० टक्के. म्हणजे या आकड्याला शब्दशः खरं मानलं तर वेतन दहा टक्क्यांनी वाढलं आणि रोजगार त्याहून जास्त वाढला. किमान वेतनाचा कट्टर समर्थकही इतका मोठा परिणाम अपेक्षित धरणार नाही. लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. रोजगार घटल्याचा पुरावा मिळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष, आणि तो बराच सौम्य आहे.

मग हा २.७६ येतो कुठून? न्यू जर्सीतली वाढ फक्त ०.५९ आहे. उरलेले २.१६ पेनसिल्वेनियाच्या घसरणीतून आलेत. ज्या राज्यात कायदा बदललाच नाही, तिथे जे घडलं त्यावर निकालाचा मोठा भाग उभा आहे.

मॅडमचा तिसरा प्रश्न पुन्हा समोर आला. आता तो शीर्षकात घ्यायचा विचार आहे.

३ मार्च

पेनसिल्वेनियावर भिस्त ठेवायची नसेल तर न्यू जर्सीतच तुलना करता येते. ज्या दुकानांत आधीच ५ डॉलर किंवा जास्त मिळत होते त्यांना कायद्याचा धक्का जवळजवळ बसला नाही. मूळ लेखाची ही कल्पना मला आजही सर्वांत देखणी वाटते. निकाल: ४.२५ देणाऱ्या दुकानांत रोजगार १.३२ ने वाढला, मधल्या गटात ०.८७ ने, आणि जास्त वेतनाच्या दुकानांत २.०४ ने घटला. ती घट पेनसिल्वेनियाच्या २.१६ च्या अगदी जवळ आहे. दोन वेगवेगळे तुलना गट एकच गोष्ट सांगतात, म्हणजे मंदीमुळे सगळीकडेच घट होत होती आणि कायद्याच्या टप्प्यातली दुकानं मात्र टिकली, असं वाचता येतं. मूळ लेखाची ताकद इथे आहे.

पण त्याच तक्त्याचा आधीचा स्तंभ पुन्हा पाहिला. पेनसिल्वेनियाची दुकानं २३.३३ ला सुरू झाली होती. न्यू जर्सीतली जास्त वेतनाची २२.२५ ला. कमी वेतनाची १९.५६ ला. जे गट घसरले ते दोन्ही आधी मोठे होते. जो वाढला तो आधी लहान होता.

फोनवरची मोजणी गोंगाटाची असते. व्यवस्थापक "किती माणसं आहेत" या प्रश्नाला या पाळीची संख्या सांगतो की सगळ्या नोंदवहीची, हे ठरलेलं नाही. योगायोगाने आज मोठा आकडा सांगितलेलं दुकान पुढच्या वेळी सरासरीकडे परत येणारच. कायदा असो वा नसो.

९ मार्च

ही गोष्ट एका ओळीत मांडता आली. दिवसभर तेच केलं, आणि प्रबंधाचं मधलं प्रकरण हेच असेल.

आधीचा फरक (न्यू जर्सी वजा पेनसिल्वेनिया) −२.८९. नंतरचा फरक −०.१४. प्रश्न इतकाच: कायदा नसता तर −२.८९ पैकी किती भाग नंतरही टिकला असता? त्या भागाला थीटा म्हणू. मग परिणाम = −०.१४ + २.८९ × थीटा. थीटा १ धरला, म्हणजे फरक कायमचा आहे असं मानलं, तर २.७५, हाच फरकांचा फरक (दुसऱ्या दशांशातला एकाचा फेर पूर्णांकनाचा). थीटा शून्य धरला, म्हणजे आधीचा फरक निव्वळ योगायोग होता असं मानलं, तर परिणाम जवळपास शून्य. थीटा अर्धा धरला तर १.३.

सगळा वाद या एका अक्षरात मावतो असं मी म्हणणार नाही, पण या डेटापुरता बराचसा मावतो. फरकांचा फरक ही पद्धत थीटा १ आहे असं न बोलता मानते. आधीचा रोजगार रिग्रेशनमध्ये उजवीकडे, म्हणजे कारणांच्या बाजूला, घातला की डेटा स्वतः थीटा सुचवतो, आणि दुकानांच्या पातळीवर तो १ च्या बराच खाली येतो, त्यामुळे परिणाम आक्रसतो. पण तो थीटाही जसाच्या तसा घेता येत नाही. मोजणीच्या गोंगाटामुळे तो खाली ओढला जातो, आणि दोन राज्यांतला खरा, टिकाऊ फरक त्या गोंगाटाइतक्या वेगाने विरत नाही. डिंग आणि ली यांनी २०१९ मध्ये दाखवलंय की ठरावीक अटींत ही दोन उत्तरं खऱ्या परिणामाला दोन बाजूंनी कुंपण घालतात. मला एका आकड्यापेक्षा ते कुंपण छापायला आवडेल.

आधीच्या −२.८९ ला स्वतःचा स्टँडर्ड एरर आहे, १.४४. म्हणजे तो फरक स्वतःच अंदाजे आहे. हेही त्याच परिच्छेदात.

२१ मार्च

स्टँडर्ड एरर. या प्रकरणावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो द्यायला हवाच होता.

१.३६ हा आकडा प्रत्येक दुकान स्वतंत्र आहे असं मानतो. पण धक्का दुकानागणिक आलेला नाही, राज्यागणिक आलाय. पेनसिल्वेनियात त्या वर्षी दुसरं काही घडलं असेल तर तिथली सगळी दुकानं एकत्र हलतील. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुलैनाथन यांचा २००४ चा लेख आजही धडकी भरवतो: त्यांनी अस्तित्वातच नसलेले कायदे राज्यांना यदृच्छेने वाटले, नेहमीचे स्टँडर्ड एरर वापरले, आणि चुकून पाच टक्के वेळाच सापडायला हवा तो "परिणाम" ४५ टक्क्यांपर्यंत वेळा सापडला. त्यांच्याकडे बरीच वर्षं आणि बरीच राज्यं होती. माझ्याकडे दोन राज्यं, दोन वेळा. डोनाल्ड आणि लँग (२००७) यांच्या चौकटीत पाहिलं तर इथे चार सरासऱ्या उरतात आणि त्यातून अनिश्चितता मोजायला काहीच शिल्लक राहत नाही. एकत्र हलणारी दुकानं एका गटात (क्लस्टरमध्ये) धरावी, तर क्लस्टर दोनच. वाइल्ड बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच डेटात पुन्हा पुन्हा फेरफार करून अनिश्चितता मोजण्याची युक्ती, तीही दोन क्लस्टरमधून माहिती निर्माण करू शकत नाही.

काय करायचं? मॅडम म्हणाल्या, "जे मोजता येत नाही तिथे तक्त्यात तारा लावू नकोस, वाक्य लिही." तसंच केलं. तक्त्यातले सगळे तारे (आकडा सांख्यिकीदृष्ट्या भक्कम असल्याच्या खुणा) काढले. स्टँडर्ड एरर ठेवले, आणि खाली लिहिलं की ते दुकानांतली विविधता मोजतात, राज्याचा धक्का मोजत नाहीत.

राज्याच्या धक्क्यातून थोडी सुटका वेतनदरीच्या मॉडेलमध्ये आहे: ५.०५ ला पोहोचायला प्रत्येक दुकानाला वेतन किती प्रमाणात वाढवावं लागलं, ते चल घ्यायचं. त्याचा गुणांक १५.६५ (कंसात स्टँडर्ड एरर, ६.०८) आहे, न्यू जर्सीत सरासरी दरी ०.११, म्हणजे परिणाम १.७२ माणसं. प्रदेशांचे चल घातले की गुणांक ११.९१ (७.३९). दिशा तीच, खात्री कमी.

४ एप्रिल

आज ताकदीचा हिशोब, म्हणजे हा नमुना किती लहान परिणाम पकडू शकतो ते. १.३६ हा स्टँडर्ड एरर घेतला तरी, ८० टक्के वेळा पकडता येईल असा सर्वांत लहान परिणाम त्याच्या २.८ पट, म्हणजे ३.८ माणसं. सुरुवातीच्या रोजगाराच्या १८ टक्क्यांहून जास्त.

आता अपेक्षित परिणाम काय होता? ब्राउन, गिलरॉय आणि कोहेन यांच्या १९८२ च्या आढाव्यानुसार किमान वेतनात दहा टक्के वाढ झाली की किशोरवयीनांचा रोजगार एक ते तीन टक्के घटतो. किशोर आणि दुकानाचे सगळे कर्मचारी एक नव्हेत, पण अंदाजासाठी चालेल: १९ टक्के वाढीवर ही घट साधारण ०.४ ते १.२ माणसं होते.

म्हणजे जुना सिद्धांत बरोबर असता तरी या नमुन्यात तो बहुतेक वेळा दिसलाच नसता. "परिणाम आढळला नाही" आणि "परिणाम नाही" यातलं अंतर मला वर्गात शंभरदा ऐकवलं होतं. ते डोळ्यांनी आज पाहिलं. हा हिशोब कोणत्याही बाजूने वापरता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रबंधात हवा.

१२ एप्रिल

वादाचा दुसरा टप्पा लिहून काढला. न्यूमार्क आणि वॉशर यांनी डिसेंबर २००० मध्ये पगारपत्रकांच्या नोंदींवरून त्याच भागातला रोजगार मोजला आणि घट दाखवली. त्यांचा मुद्दा: फोनवरच्या आकड्यांत चढउतार अवास्तव मोठे आहेत. कार्ड आणि क्रूगर यांचं उत्तर त्याच अंकात: सरकारी नोंदींवरून परिणाम लहान किंवा शून्याजवळ. पगारपत्रकांचा काही भाग उपाहारगृह उद्योगाशी जोडलेल्या संस्थेने गोळा केला होता, हा आक्षेपही तेव्हाच आला.

मला इथे सर्वांत उपयोगी पडली ती त्या उत्तरातली सरकारी नोंदींची लांब मालिका. दोनच वेळांचा डेटा असला की आधीचा कल तपासताच येत नाही. लांब मालिकेत दिसतं की कायदा न बदललेल्या वर्षांतही पेनसिल्वेनिया आणि न्यू जर्सी एकमेकांपासून बऱ्यापैकी दूर जातात आणि परत येतात. शिवाय ऑक्टोबर १९९६ मध्ये संघीय वेतन ४.७५ झालं तेव्हा भूमिका उलटल्या. पेनसिल्वेनियाला वाढ लागली, ५.०५ वर असलेल्या न्यू जर्सीला नाही. तिथेही ठळक परिणाम दिसत नाही. माझं वाचन: पेनसिल्वेनिया वाईट तुलना नाही, पण एका वर्षाच्या घसरणीवर जितका भार १९९४ चा मुख्य आकडा टाकतो तितका ती पेलत नाही.

२६ एप्रिल

सिद्धांताचं प्रकरण आटोपतं घेतलं. स्पर्धात्मक बाजारात वेतन वाढलं की रोजगार घटतो. मालकाच्या हातात वेतन ठरवण्याची ताकद असेल तर मर्यादेपर्यंत वाढूही शकतो. पण मग उत्पादन वाढून किमती उतरायला हव्यात, आणि न्यू जर्सीत जेवणाच्या किमती पेनसिल्वेनियाच्या मानाने सुमारे चार टक्के जास्त चढल्या. न्यू जर्सीच्या आत मात्र कमी आणि जास्त वेतनाच्या दुकानांत किमती सारख्याच वाढल्या. हे कोणत्याही एका कथेत नीट बसत नाही. बसवण्याचा प्रयत्न केला नाही.

१० मे

लेखन. प्रकरणांचा क्रम उलटा केला. आधी डेटा, मग पद्धत, मग तुलनेचं गृहीतक असा होता. आता गृहीतक पाचव्या पानावरच येतं, थीटाच्या आकृतीसह. आडव्या अक्षावर थीटा शून्य ते एक, उभ्यावर परिणाम, एक सरळ रेघ. दोन टोकांना दोन पद्धतींची नावं. परीक्षकाने एकच पान वाचलं तरी काम कळावं.

सारांशाचं मुख्य वाक्य बराच काळ लिहीत होते. शेवटी असं ठेवलं: "१९९२ च्या न्यू जर्सी सर्वेक्षणात रोजगार घटल्याचा पुरावा नाही, वाढल्याचा पुरावा मात्र पेनसिल्वेनियातली आधीची उंची टिकाऊ होती या गृहीतकावर उभा आहे, आणि हा डेटा ते गृहीतक तपासू शकत नाही." मॅडमनी "तपासू शकत नाही" खाली रेघ ओढली आणि बाजूला "ठेव" लिहिलं.

२४ मे

सगळा कोड रिकाम्या फोल्डरमधून एका आदेशात चालतो का ते पाहिलं. कच्च्या फाइलपासून शेवटच्या आकृतीपर्यंत, मधे हाताने काहीही नाही. मजकुरातला प्रत्येक आकडा कोडमधून येतो, टंकलेला एकही नाही. मूळ लेखातले उद्धृत आकडे वेगळ्या स्तंभात. वर्गातल्या एका मैत्रिणीने तिच्या संगणकावर चालवून तक्ते पाठवले. शेवटच्या दशांशापर्यंत तेच.

१२ जून

मौखिक झाली. बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न: "मग तुमच्या मते थीटा किती?" सांगितलं की या डेटातून एक आकडा देणं मला योग्य वाटत नाही, लांब मालिकेतले चढउतार पाहता तो एकाच्या खाली आणि शून्याच्या वर असावा, आणि त्या पट्ट्यात परिणाम शून्याच्या आसपास ते अडीच माणसांपर्यंत कुठेही बसतो. त्यांनी विचारलं की धोरणकर्त्याला याचा काय उपयोग. म्हटलं, इतका, की ८० सेंटच्या वाढीने या दुकानांत मोठी कपात झाली असं म्हणायला इथे आधार नाही, आणि लहान कपात झाली की नाही हे ठरवायला ४१० दुकानं पुरत नाहीत. दुसऱ्या परीक्षकांनी अर्धवेळ-पूर्णवेळ अदलाबदलीवर वेगळा तक्ता मागितला. तो परिशिष्टात आहे. मुख्य मजकुरात आणायची दुरुस्ती सुचवली गेली. पंधरा दिवसांची मुदत आहे, काम उद्यापासून.